एवढ्या घरातली भांडी कोण घासायचं?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या घरी भारतातून आई-वडील नाहीतर सासू-सासरे येतात. चार दिवस झोपेचं गणित बसवण्यात जातात आणि पाचव्या दिवशी वरात निघते. गोल्डन गेट, स्टॅनफर्डचं आवार, लिव्हरमोरचं देऊळ आणि सॅन होजेतला ‘भुताचा वाडा’. विंचेस्टर मिस्ट्री हाउस हे नाव ज्येष्ठांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून आपणच ते मराठी नाव पाडलं. तिकीट काही स्वस्त नसतं, पण आपण "आई, तुम्ही पैशांचं बघू नका" म्हणतो. तासभर फिरतो, छताला जाऊन अडकणाऱ्या जिन्याचा फोटो काढतो, समोर सँटाना रोमध्ये आइसक्रीम खातो आणि रात्री फॅमिली ग्रुपवर लिहितो, ‘वेड्या बाईचा वाडा पाहिला’.

मीही हे सतरा वर्षं करत आले. माहेरची माणसं झाली, सासरची झाली, नवऱ्याच्या मावसभावाचे सासरेसुद्धा झाले. वाड्याची गोष्ट मला इतकी पाठ आहे की मराठी भाषांतर मी गाइडच्या दोन वाक्यं पुढे असते. तशीच गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले आणि तिथे त्यांनी एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहिते आहे.

सासूबाई वाईच्या. लग्न होऊन आल्या त्या एका वाड्यात, जिथे पुढच्या चौकात मालक, मागच्या चौकात चार बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एक आड. वाडा ही गोष्ट त्यांना बाहेरून बघायची सवय नाही. मी आपली आकडे सांगत होते. खोल्या 160. दारं 2,000. जिने 47, शेकोट्याही 47. न्हाणीघरं 13. स्वयंपाकघरं 6.

सासूबाई सहावर थांबल्या. "सहा? मग भांडी कोण घासायचं?"

मी म्हटलं, "आई, ते आता भुतांचं सांगतायत."

"भुतं जेवत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "माणसं जेवतात."

मला उत्तर देता आलं नाही. सतरा वर्षांत मी ते शोधलंच नव्हतं. मग घरी येऊन वाचत बसले, आणि वाचता वाचता मला थोडी शरम वाटू लागली. आपण सगळे इथे कामासाठी आलेली माणसं. आणि या वाड्यात कामाला असलेल्या माणसांकडे आपण बघतसुद्धा नाही.

आधी ठरलेली गोष्ट एका दमात सांगून टाकते. सारा विंचेस्टर, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनची. सासरचा धंदा रायफलींचा. 1866 मध्ये मुलगी झाली, ती सव्वा महिनाभरच जगली. 1881 मध्ये नवरा क्षयाने गेला. मग म्हणे बोस्टनच्या कोणा मांत्रिकाने तिला सांगितलं की तुमच्या बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे तुझ्या मागे लागलेत, पश्चिमेला जा, घर बांध आणि बांधकाम कधी थांबवू नकोस. ती 1886 मध्ये इथे आली, आठ खोल्यांचं एक अर्धवट शेतघर घेतलं, आणि 36 वर्षं रात्रंदिवस हातोडे वाजत राहिले. हे झालं तिकिटावरचं.

त्या मांत्रिकाचा पुरावा कुठेच नाही. रात्रंदिवस हातोडे हेही खरं नाही. 1898 मध्ये साराबाईंनी आपल्या नणंदेला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात त्या सांगतात की मी दमून गेले, म्हणून सगळ्या कामगारांना रजा दिली आणि हिवाळाभर विश्रांती घ्यायची ठरवली. त्याच पत्रात आणखी एक मजेशीर तक्रार आहे. घराला थोडीशी जोड दिली तर वरच्या मजल्यावरची वाट अनपेक्षितपणे अंधारी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय जिन्यावर चुकायला लागले, तेव्हा काहीतरी करणं भाग पडलं.

या ओळी वाचताना मी हसले, कारण घर वाढवलेल्या कोणाचीही हीच कथा असते. सनीव्हेलमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी मागे एक खोली काढली, तर त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. त्यांना कोणी मांत्रिक भेटलेला नाही. पण त्या पत्रात ‘येणारे-जाणारे’ आहेत, हे लक्षात घ्या. अंधाऱ्या जिन्यावर पाय घसरणारी बरीच माणसं त्या घरात वावरत होती.

आता ती माणसं.

पहिली डेझी. साराबाईंच्या बहिणीची, बेल मेरिमनची मुलगी. कागदोपत्री नाव मॅरियन, पण घरात सगळे डेझीच म्हणत. लग्न होईपर्यंत ती अनेक वर्षं मावशीजवळ राहिली, तिची पत्रं लिहिणं, येणंजाणं, हिशेब पाहू लागली. मावशीने सांभाळलेली आणि मावशीला सांभाळणारी भाची आपल्यापैकी किती घरांत असते! 'एकाकी विक्षिप्त विधवा' या चित्रात ती बसत नाही, म्हणून ती गोष्टीतून गळते. साराबाईंनी नुसती भाची जवळ घेतली नाही. बहिणींची बिऱ्हाडंही याच खोऱ्यात आली. लॉस आल्टोसमध्ये मेरिमन कुटुंबासाठी त्यांनी वेगळी जमीन आणि घर घेतलं, ते घर आजही उभं आहे. म्हणजे नवरा आणि मूल गेलेल्या एका बाईने माहेरचा गोतावळा खंडाच्या दुसऱ्या टोकाला आणून बसवला. याला आपल्याकडे कोणी वेड म्हणत नाही. मृत्युपत्रात घरातलं सामान डेझीला गेलं, आणि तिने त्यातलं बरंचसं विकून टाकलं. आज तुम्ही जे पलंग-कपाटं बघता ती मूळची नव्हेत, मागाहून आणून मांडलेली आहेत.

दुसरा मुकादम, जॉन हॅन्सन. सुताराच्या हत्यारांपासून मजुरांच्या पगारापर्यंत सगळं त्याच्या अंगावर. त्याचं कुटुंब आवारातच राहायचं, मुलगा टेड तिथेच लहानाचा मोठा झाला. जरा कल्पना करा, जगातल्या सर्वांत 'झपाटलेल्या' म्हणवणाऱ्या घराच्या अंगणात एक पोरगा शाळेतून येऊन दप्तर टाकतो आणि खेळायला पळतो.

वकील सॅम्युअल फ्रँकलिन लीब तिथे राहत नव्हता, पण त्याच्याशिवाय घर चालत नव्हतं. त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार सॅन होजेत जपून ठेवला आहे. जमिनी, शेतसारे, सह्या, मोजणी. पत्र लिहिणारी बाई पैशाला आणि व्यवहाराला चोख आहे.

आणि मग ती सगळी माणसं ज्यांच्या कामावर ती जमीन चालत होती. आपण घर बघतो आणि विसरतो की हा मुळात मळा होता, पुढे वाढत वाढत दीडशे एकरांच्या वर गेलेला. आलुबुखारा, जर्दाळू, अक्रोड. सगळं खोरंच तेव्हा फळबागांचं होतं. आपण जिथे चकचकीत काचेच्या इमारतींत बसून कोड लिहितो, तिथे उन्हाळ्यात लाकडी पाट मांडून जर्दाळू वाळत घातलेले असायचे. फळं निवडायची, चिरायची, बिया काढायच्या, पाटांवर पसरायची. या कामाला खोऱ्यातल्या बायका आणि मुलं असत. वाड्याच्या आवारात फळं वाळवायची स्वतंत्र भट्टी होती. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा त्या बाईवर खूश झाल्या. "म्हणजे वाळवणं घालायची," त्या म्हणाल्या. "मग शहाणीच होती."

वाड्यात धुण्याच्या जागी चिनी मातीची टाकी आहेत, आणि त्यांच्या आतल्या अंगालाच कपडे घासायच्या खाचा ओतलेल्या आहेत. उत्तरेकडच्या काचघराची जमीन जस्ताची, झाडांना घातलेलं जादा पाणी खालच्या बागेत जावं म्हणून. कोणत्या खोलीतून बाईंनी बोलावलंय ते दाखवणारं यंत्र आहे. हे सगळं गाइड साराबाईंच्या कल्पकतेचा नमुना म्हणून दाखवतात, आणि ते खरंच आहे. पण त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून पाहा. काटा हलला की 160 खोल्यांमधून धावत सुटणारं कोणीतरी तिथे असायचंच ना! त्या टाकीतल्या खाचांवर कोणाची तरी बोटं सोलली असतील. भांड्यांचा प्रश्न मात्र मला अजून सोडवता आलेला नाही.

आता एका माणसाबद्दल सांगते, म्हणजे भुताबद्दल. तळघरात, कोळशाच्या जागी, काळ्या मिशांचा एक गडी ढकलगाडी ढकलताना दिसतो म्हणतात. कधी नाचघरातली शेकोटी दुरुस्त करतो. त्याला सगळे ‘क्लाइड’ म्हणतात. वाड्यातलं सर्वांत लोकप्रिय भूत तेच. म्हणजे बघा, हाडामांसाच्या गड्याचं नाव कोणी लक्षात ठेवलं नाही, पण मेल्यावर त्याला नाव मिळालं, चाहते मिळाले. आणि बिचारा अजून कामच करतोय. सव्वाशे वर्षं झाली, सुट्टी नाही.

हसू नका. शनिवारवाड्याचं आपण काय केलंय? "काका, मला वाचवा" ही किंकाळी पुण्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि अमावास्येला ती ऐकू येते असं सांगून पाहुण्यांना घाबरवणारे तुम्हीही आहात आणि मीही. 1773 च्या त्या दिवशी नारायणरावांवर तलवारी पडत असताना चापाजी टिळेकर नावाचा त्यांचा हुजऱ्या निःशस्त्र धावत आला, धन्याला कवटाळून बसला आणि त्याच्यासोबत कापला गेला. चापाजीची किंकाळी कोणाला ऐकू येत नाही. नोकराचं भूत आपल्याकडे सहसा होत नाही, झालंच तर मुंजा होतो आणि त्यासाठीही आधी मुंज व्हावी लागते.

विषय भरकटला. पुन्हा सॅन होजेत येते, कारण मला जे खरं सांगायचं आहे ते पुढे आहे.

साराबाईंच्या घरी आणि बागेत चिनी आणि जपानी माणसं कामाला होती. जाहिरातींत त्यांचा उल्लेख आलाच तर ‘मुका चिनी बटलर’ अशा छापाचा, वातावरणनिर्मितीसाठी. पण त्या काळात चिनी माणसाने सॅन होजेत असणं म्हणजे काय, ते बघा. 1882 मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. साराबाईंनी जमीन घेतली 1886 मध्ये. पुढच्याच वर्षी, 4 मे 1887 ला, सॅन होजेच्या भर बाजारातली हजाराहून जास्त वस्तीची चिनी पेठ कोणीतरी पेटवून दिली. आज त्या जागेवर आलिशान हॉटेल उभं आहे. लोकांचा विरोध पत्करून जॉन हाइनलेन या जर्मन गृहस्थाने आपली जमीन चिन्यांना भाड्याने दिली आणि नवी पेठ वसली. तिच्या कडेनेच पुढे जपानी वस्ती वाढली, तेच आपलं जपानटाउन, जिथे आपण रविवारी रामेन खायला जातो. शहराने या जाळपोळीबद्दल माफी मागितली ती 2021 मध्ये.

मुद्दा असा की वाड्याच्या कुंपणाबाहेर भीती खरोखरच होती, आणि ती भुतांची नव्हती. रात्री कुंपणाआड झोपणाऱ्या एखाद्या चिनी आचाऱ्याला जिन्यावरच्या पावलांपेक्षा रस्त्यावरच्या घोळक्याची धास्ती जास्त असणार. हा माझा अंदाज आहे. पण मांत्रिकाच्या गोष्टीपेक्षा त्याला आधार बरा आहे.

जपान्यांचंही तेच. 1913 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांनी शेतजमीन विकत घ्यायची नाही. दुसऱ्याच्या बागेतली झुडपं छाटा, स्वतःची बाग मात्र घेऊ नका! ‘ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही’ या शब्दांत आपणही येत होतो. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. ते दार पुन्हा उघडायला 1946 साल उजाडलं.

आणि 1923 हेच ते वर्ष ज्या वर्षी हा वाडा तिकीट लावून लोकांसाठी उघडला. साराबाई 5 सप्टेंबर 1922 ला गेल्या. 1906 च्या भूकंपाने खिळखिळं झालेलं ते अवाढव्य घर कोणाला राहायला नको होतं. जॉन ब्राउन नावाच्या, जत्रेतल्या करमणुकीच्या धंद्यातल्या माणसाने ते भाड्याने घेतलं. त्याची बायको मेमी ही वाड्याची पहिली गाइड. मला या मेमीबद्दल कुतूहल आहे. दुसऱ्या बाईच्या घरातून रोज अनोळखी माणसं फिरवायची, आणि तिच्या दुःखाची गोष्ट थोडी थोडी रंगवत न्यायची. रंग तिने एकटीने भरले असं नाही, साराबाई जिवंत असतानाच, 1890 च्या दशकात, ‘घर पुरं झालं की मरू असं तिला वाटतं’ अशा बातम्या छापून येत होत्या. ब्राउन मंडळींनी तिकीट लावलं, एवढंच.

तर 1923 मध्ये तुम्ही-आम्ही त्या फाटकाशी उभे असतो तर कुठल्या रांगेत असतो? आपल्याला आवडो न आवडो, सूट घातलेल्या पाहुण्यांच्या रांगेत नसतो. आपण मागच्या दाराशी असतो. म्हणून म्हणते, तिथे गेल्यावर आपण आपल्याच माणसांना ओळख दाखवत नाही आहोत.

‘वेड्या बाई’बद्दलही दोन शब्द. तो प्रसिद्ध बुटक्या पायऱ्यांचा जिना, 44 पायऱ्या आणि सात वळणं घेऊन माणूस जेमतेम 9 फूट वर जातो, तो भुतांना चकवायला नाही. साराबाईंना संधिवात होता, पाय उचलवत नव्हता. सासूबाई तो जिना गुडघा न धरता चढल्या आणि वर जाऊन म्हणाल्या, "हा एक जिना आपल्याकडे हवा होता." छताला अडकणारा जिना आणि भिंतीतून बाहेर हवेत उघडणारं दार यांचं उत्तर बरंचसं 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात आहे. सात मजल्यांचा मनोरा कोसळला, वरचे मजले गेले, पुढचा भाग फळ्या ठोकून बंद केला आणि पुन्हा उभारलाच नाही. वर मजला नसेल तर जिना जाणार कुठे? भूकंपानंतर साराबाई बहुतेक करून अथर्टन गावातल्या घरी राहू लागल्या.

बंदुकीच्या पैशाचं म्हणाल, तर त्यांनी नवऱ्याच्या नावाने न्यू हेवनच्या रुग्णालयाला क्षयरोग्यांसाठी दहा लाखांहून जास्त डॉलर दिले. याची सहल कोणी काढत नाही.

आणि एक योगायोग, जो आपल्याखेरीज कोणाच्या लक्षात येणार नाही. 1888 मध्ये पंडिता रमाबाई याच भागात आल्या होत्या. अमेरिकाभर व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसा जमवत, सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने परत निघाल्या आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. दोघी विधवा, एकीचं घर पन्नास मैलांवर वाढत होतं. दोघींची भेट झाली असं मी म्हणत नाही. पण तेव्हा आपल्याकडे विधवेच्या वाट्याला वाड्याचा एक अंधारा कोपरा आणि आलवण येत होतं. इथे एका विधवेने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनाने घर बांधलं, तर लोकांनी ठरवलं की हिच्यात भूत शिरलंय. रमाबाईंनाही आपल्या लोकांनी काय काय ठरवलं, ते मी वेगळं सांगायला नको.

माझं मागणं मोठं नाही. वाड्यावर बहिष्कार वगैरे टाका असं मी म्हणत नाही. जरूर जा, घर खरंच विलक्षण आहे, सुतारकाम आणि रंगीत काचा बघत राहाव्यात अशा आहेत. भुतांच्या गोष्टीही ऐका, पोरांना मजा येते. पण भाषांतर करता करता मध्येच थांबा. धुण्याच्या टाकीपाशी, घंटीच्या यंत्रापाशी, काचघरातल्या जस्ताच्या जमिनीपाशी. इथे कोण उभं असेल ते आईला सांगा. गाइडला विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी तो आपणहून सांगायला लागतो. आणि आपल्या गणपतीच्या स्मरणिकेत दरवर्षी ‘बे एरियात काय पाहाल’ असा जो लेख येतो (चार वर्षं मीच लिहिलाय, तेव्हा टीका माझ्यावरच आहे), त्यात यंदा ‘झपाटलेला’ हा शब्द न वापरता वाड्याबद्दल दहा ओळी लिहून बघू. मी सुरुवात केली आहे, सहा ओळींपर्यंत आले.

सासूबाई परत जाताना सनीव्हेल कम्युनिटी सेंटरजवळच्या जर्दाळूच्या बागेत त्यांना घेऊन गेले. शहराने ती जुनी आठवण म्हणून राखली आहे. त्यांनी एक फळ हातात घेतलं, दाबून पाहिलं, आणि त्याचं वाळवण किती दिवसांत होतं ते तिथल्या माणसाला माझ्याकरवी विचारलं. त्यांच्या बॅगेत या वेळी बदामांच्या जोडीला दोन किलो जर्दाळू गेले. वाईला पोचल्यावर फोन आला, सगळ्यांना वाटून झाले म्हणून.

"आणि भुताचं काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कुठलं भूत?" त्या म्हणाल्या. "भांड्यांचं कळलं का काही?"

तुमच्यातलीच एक,
सनीव्हेल